सामाईक टाकीचा नळ

सौंसर हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसते. नागपूरहून छिंदवाड्याला जाताना वाटेत लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा पट्टा मात्र पलीकडेच राहिला. २०२३ पासून त्याचा पांढुर्णा नावाचा वेगळा जिल्हा झाला आहे. संत्र्याच्या बागा, कापूस, आणि जवळच जामसावळीचा निजलेला मारुती. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. भावजी बँकेच्या नोकरीत काही वर्षे मडगावात होते, त्यातून ही सोयरीक जुळली. दोन-तीन वर्षांनी एकदा मे महिन्यात रजा टाकून मी जातो. (आमच्या कचेरीत मे महिन्याची रजा मिळवणे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!)

तर गेल्या खेपेला ताईच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. टप्... टप्... एका सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाचे ८६,४०० थेंब. रात्री दहाला खाली पाच लिटरची बालदी लावली, ती सकाळी सहाला काठोकाठ भरली होती. (बालदी हा शब्द पोर्तुगीजांचा; तिकडच्या हिंदीत त्याची बाल्टी झाली. आपला एक शब्द आपल्याआधीच सौंसरला पोचलेला.) दिवसाला पंधरा लिटर! आणि गल्लीत नळ येणार एक दिवसाआड.

"भावजी, वायसर का बदलत नाही?" मी विचारले.

"वायसर दोन मिनिटांचं काम आहे हो. पाणी बंद कुठून करता?"

आता या 'कुठून' मध्ये सगळी गोम होती. खाली बसून वर उचलणाऱ्या चाकीचा हा स्क्रूचा नळ १८४५ साली इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावी पेटंट झाला. इतक्या वर्षांत त्याच्या पोटातली चकती चामड्याची होती ती रबराची झाली, बाकी फारसा बदल नाही. चकती झिजली की नळ गळतो. पण ती बदलायला नळाचे डोके उघडावे लागते, आणि त्याआधी मागचे पाणी अडवावे लागते. इथे गच्चीवर एकच टाकी, हजार लिटरची. तिच्याखाली एकच पितळी व्हॉल्व, कित्येक वर्षे न फिरवल्यामुळे जाम. जोर लावावा तर दांडी तुटायची भीती. आणि तो व्हॉल्व होता धाकट्या भावाच्या बाजूला. घराची वाटणी झाली, अंगणात भिंत आली, चुली वेगळ्या झाल्या. टाकी तेवढी सामाईक राहिली. भावाभावांत बोलणे नव्हते. मग पाणी बंद करतो म्हणून सांगायचे कुणी? आठ महिने नळ गळत होता तो यासाठी.

गोव्यातल्या वाचकांना हे नवीन वाटणार नाही. आपल्याकडे जुन्या घरांची वाटणी होते तेव्हा खोल्या वाटतात, माड मोजून वाटतात, पण बांय वाटता येत नाही. न बोलणाऱ्या दोन जावा एकाच बांयच्या कठड्यावर दोन बाजूंनी पाणी ओढताना मी लहानपणी पाहिल्या आहेत. पाणी माणसांना एका दोरीत बांधून ठेवते, त्यांना आवडो न आवडो. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार इथे ओप्याची जलवाहिनी फुटली आणि पणजीपर्यंत नळ कोरडे पडले, तेव्हा कोण कोणाच्या बांयवर कळशी घेऊन गेला ते आठवून पाहा.

टाकी रिकामी करावी म्हटले तर तीत निदान पाचशे लिटर पाणी होते. महिनाभराच्या गळतीइतके पाणी एका तासात गटारात! ताईच्या सासूबाईंनी ते साफ नाकारले. त्या बालदीतले पाणी तुळशीला आणि भांड्यांना वापरत होत्या, त्यांच्या हिशेबी थेंबही वाया जात नव्हता. एवढ्याशा कामाला मिस्त्री येत नाहीत ही आणखी एक अडचण. मीरा रोडला आबिद सुरती या लेखक-चित्रकाराने २००७ पासून दर रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली, ती काही उगाच नव्हे.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री मिळाले. त्यांनी व्हॉल्वला हातच लावला नाही. दाणे काढलेले मक्याचे कणीस मागितले, त्याला ओले फडके घट्ट गुंडाळले, सुतळी बांधली. गच्चीवर गेले आणि चढण्याआधी भिंतीवरून मोठ्याने ओरडले, "ओ वहिनी, अर्धा घंटा पाणी बंद राहीन, भरून घ्या जी!" पलीकडे लगेच घागरींचा आवाज. आठ महिने जे वाक्य दोन घरांत कुणाच्या तोंडून निघाले नव्हते, ते त्यांनी असे सहज टाकले.

टाकीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी आतूनच तोंडाला कणीस दाबून बसवले. वरच्या पाण्याचा भार त्याला आणखी घट्ट करतो. नळीत उरलेले पाणी स्वयंपाकघरात सोडले, ते अर्धी बालदी निघाले. मग पान्याने डोके उघडले, चकती बदलली, आतली बैठक बोटाने चाचपून किंचित घासली. "घाई झाली असती तर अंगठ्यानं बी दाबून धरता येते," ते म्हणाले. खरेच होते. टाकी तीन मीटर उंच असेल तर अर्ध्या इंची नळाच्या तोंडावर जोर जेमतेम चारशे ग्रॅमचा. आपण उगाच पाण्याला घाबरतो. रस्त्यावरच्या लाइनीला मात्र असे करू नये.

सुतळी ओढली, कणीस निघाले, पाणी आले. तेवढ्यात भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज आला, "मिस्त्री, आमच्याही मोरीतला नळ पाहून घ्या." भावजी काही बोलले नाहीत. पण पुन्हा कणीस घेऊन गच्चीवर चढताना शिडी त्यांनीच धरली.

ते कणीस आता टाकीच्या झाकणावर वाळत ठेवलेले असते. जाम व्हॉल्व अजून तसाच आहे. तो बदलायचा तर टाकी रिकामी करावी लागेल आणि खर्च निम्मा-निम्मा. ताई फोनवर म्हणते, पावसाळ्यात बघू.