कोठाराची कुळे

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कूळकायद्याने कसणाऱ्यांना जमिनीचे मालक ठरवले त्या १ एप्रिल १९५७ च्या मागेपुढे आमच्या ओसरीवर येऊन बसणाऱ्या माणसांच्या तोंडून 'वहिवाट' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की त्याचा अर्थ कळण्यापूर्वीच त्याचे वजन मला कळले होते. कागदावर जमीन कोणाची, हा एक प्रश्न. आणि वर्षानुवर्षे तिच्यावर कोण राबत आला, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असू शकतात, हे मी वडिलांकडून शिकलो. तोच शब्द मला पुन्हा भेटला तो इंग्लंडच्या पश्चिमेस, हेरफर्डशायरमध्ये, माझ्याच परसातल्या विटांच्या जुन्या कोठारापाशी.

२०२२ च्या उन्हाळ्यात पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु आमचे शयनगृह माडीवर आणि जिना उभा, त्यामुळे पूर्वी सफरचंदे साठवण्यासाठी बांधलेल्या त्या कोठाराची तळमजल्यावरची खोली करावी, असे आम्ही ठरवले. नकाशे काढणाऱ्या गृहस्थांनी, वटवाघळांच्या पाहणीची येथे काही आवश्यकता नाही, असा निर्वाळा दिला आणि अर्ज दाखल केला. ऑक्टोबरात कौन्सिलचा शेरा आला: इमारत जुनी, छप्पर कौलारू, भोवती बागा आणि झाडांची कुंपणे, सबब वटवाघळांच्या वास्तव्याविषयी पाहणीचा अहवाल समोर आल्याखेरीज अर्जाचा विचार करता येणार नाही. परवानगी आधी द्यावी आणि पाहणीची अट मागाहून घालावी, हेही सामान्यतः चालत नाही. कारण निर्णय ज्या माहितीवर अवलंबून आहे ती माहिती निर्णयाच्या आधी हाती असली पाहिजे, हा तेथील दंडक आहे. आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची मोजणी मे ते सप्टेंबर एवढ्याच मुदतीत होऊ शकते. म्हणजे सबंध हिवाळा गेला.

तो हिवाळा पत्नीने बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली लावलेल्या अरुंद खाटेवर काढला. मी डॉक्टर, चार दशके रुग्णांच्या प्रतीक्षायाद्या पाहिलेल्या माणसाला मुदतीचे दुःख नवे नव्हते, तरीही एका मोडलेल्या खुब्यापुढे या पाखरांचे, म्हणजे वस्तुतः पाखरेही नसलेल्या प्राण्यांचे, पारडे जड कसे, हा विचार मला जाळीत होता. पत्नी मात्र म्हणाली, "अहो, चिडताय कशाला? आधी बघू तर द्या तपासणीला येणाऱ्या त्या मुलीला, कोण राहतंय तिथं ते."

दिवसाची प्राथमिक तपासणी कोणत्याही ऋतूत करता येते, म्हणून परवानाधारक तज्ज्ञ असलेली एक तरुणी नोव्हेंबरात आली. शिडी, दिवा आणि फटीत शिरणारी बारीक लवचिक दुर्बीण एवढीच तिची सामग्री. तुळयांच्या खालच्या धुळीतून तिने तांदळाएवढी काळी लेंडी उचलली आणि बोटांत चुरडली, तेव्हा तिची भुकटी झाली व तीत कीटकांच्या कवचांचे कण चमकले. उंदराची लेंडी वाळली की कठीण होते, ती अशी चुरत नाही. मग तिने जमिनीवर विखुरलेले पतंगांचे पंख दाखवले. तीस वर्षे ते पंख मी कोळ्यांची उष्टी समजून झाडून टाकीत होतो. ते जेवणाचे उरलेले होते, हे खरे. जेवणारे मात्र दुसरेच होते. त्या लेंड्यांपैकी काही तिने प्रयोगशाळेकडे पाठवल्या, आणि डीएनएवरून उत्तर आले: तपकिरी लांबकानी वटवाघळे.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी ओढ्याकाठच्या वडावर दिवसभर उलटी लोंबकळणारी वाघळे मी पाहिली होती. ती फळे खाणारी, मोठ्या पंखांची. आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना कित्येक वर्षे कावळे-उंदरांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात बसवले होते. इंग्लंडात १९८१ च्या कायद्याने आणि पुढे २०१७ च्या अधिवासविषयक नियमांनी सर्व जातींची वटवाघळे संरक्षित आहेत. इतकेच नव्हे, तर ती राहतात ती जागाही संरक्षित आहे, मग वटवाघळे त्या घटकेला तेथे असोत वा नसोत. रिकाम्या घराचेही रक्षण करणारा हा कायदा प्रथम मला अतिरेकी वाटला. त्याचे कारण त्या तरुणीने समजावून दिले, आणि वैद्यकातल्या माणसाला ते पटण्याजोगे होते. आठदहा ग्रॅम वजनाचा उंदीर दोन वर्षांत मरतो आणि तेवढ्यात पिलांच्या किती तरी खेपा वाढवतो. तितक्याच वजनाची ही वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिलू प्रसवते, आणि वीस वर्षांहून अधिक जगल्याच्याही नोंदी आहेत. उन्हाने तापलेले, निवाऱ्याचे एकच छप्पर धरून माद्या दर उन्हाळ्यात परत येतात, लेकी आयांच्या जागी येतात. ते छप्पर हिवाळ्यात कोणी उतरवले तर एकही जीव न मारता त्या वसाहतीचा घात होतो. मला ओसरीवरची माणसे आठवली. सातबारावर नाव नसलेले, परंतु पिढ्यांची वहिवाट असलेले कूळ आपल्या परसात आहे, हे मला त्या दिवशी समजले.

मे ते जुलै या काळात, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, तीन संध्याकाळी मोजणी झाली. जूनच्या अखेरची दुसरी संध्याकाळ माझ्या विशेष ध्यानात आहे, कारण तेव्हा पत्नीही शाल पांघरून खुर्चीवर येऊन बसली होती. सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास. त्याच्या पाव तास आधी दोन पाहणी करणारे दोन कोपऱ्यांशी उभे राहिले आणि इन्फ्रारेड कॅमेरे लावले गेले. आपल्या कानांना न ऐकू येणारे ध्वनी ऐकण्याजोगे करणारे छोटे यंत्र पत्नीच्या मांडीवर दिले होते. ते ४५ किलोहर्ट्‌झवर लावल्यावर वीस मिनिटांत, ओल्या जिभेने टाळूवर चटके मारावेत तसा आवाज त्यातून येऊ लागला. ही पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळे, एका रात्रीत तीन हजारांपर्यंत चिलटे खाणारी, कुंपणाच्या कडेने आलेली आणि गेलेली. आमची कुळे मात्र काळोख पुरता दाटेपर्यंत हलली नाहीत. लांबकानी वटवाघूळ इतके हळू बोलते, की चार-पाच मीटरच्या पलीकडे यंत्रालाही ते क्वचितच कळते. त्याचे जवळजवळ शरीराएवढे लांब कान पतंगाच्या पंखांची सळसळही टिपतात. साडेदहाच्या पुढे आढ्याच्या कौलाखालून एक छाया सुटली, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी यंत्रात जेमतेम घड्याळाची टिकटिक. पत्नी मराठीत मोजत होती. तिचे सतरा झाले. कॅमेऱ्याने नंतर अठरा दाखवले.

पुढचे सारे कागदोपत्री. प्रसूतिगृहच ठरलेल्या त्या कोठाराला हात लावण्यासाठी नॅचरल इंग्लंड या शासकीय संस्थेचा स्वतंत्र परवाना लागला, आणि त्यासाठी काम लोकहिताच्या सबळ कारणासाठी आहे काय, दुसरा समाधानकारक पर्याय आहे काय, आणि त्या जातीच्या सुस्थितीला बाध येईल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. माळ्याची पोकळी वटवाघळांसाठी तशीच राखून तिच्याखाली पत्नीच्या खोलीचे छत घालायचे, असा नकाशा दुसऱ्याकडून नव्याने काढून घेतला. कौलांखाली आजकाल घालतात ते तंतुमय आवरण वर्ज्य, कारण त्याच्या सुटलेल्या धाग्यांत वटवाघळांची नखे अडकून ती मरतात; जुन्या पद्धतीचा डांबरी नमदाच घातला. पिले उडू लागल्यानंतर आणि हिवाळी निद्रा लागण्यापूर्वी, सप्टेंबरअखेर, कौले हातांनी एकेक करून उतरवली. आढ्याखाली एकच मागे राहिलेले सापडले. मोठे कान पंखांखाली दुमडून निजलेले. त्या तरुणीने हातमोजा घातलेल्या तळव्यावर ते घेतले आणि सफरचंदाच्या झाडावर टांगलेल्या लाकडी पेटीत ठेवले. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात त्याहून हलक्या हाताने कोणी रुग्ण उचललेला मला आठवत नाही.

ज्यांना त्या देशात जुन्या घराचे छप्पर उघडायचे आहे, अशा माझ्या मराठी बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे, की अर्ज लिहिण्यापूर्वी, थंडीतच, दिवसाची तपासणी करवून घ्या. आमचे वर्ष कायद्याने घेतले नाही, आमच्या विलंबाने घेतले. तपासणी अर्जापूर्वी झाली असती, तर आमच्या नकाशात ती कुळे पहिल्यापासून असती.

नवी खोली होऊन आता दुसरा उन्हाळा आहे. काल रात्री पत्नीने दारात खुर्ची टाकून मोजले. एकवीस.