टाँटनच्या धावा, पुण्याचा सराव

इंग्लंडमधले टाँटन म्हटले की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना १९९९ आठवते, गांगुली-द्रविडची ३१८ धावांची भागीदारी. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी इथेच हॅम्पशायरचे मेजर रॉबर्ट पूर आणि कॅप्टन विन्यार्ड या दोन फौजी अधिकाऱ्यांनी सहाव्या विकेटसाठी ४११ धावा कुटल्या होत्या. त्यात पूर यांच्या ३०४. मैदानाला लागून टोन नदी, वर सेंट जेम्स चर्चचा मनोरा. १६८५ च्या बंडखोरांना न्यायाधीश जेफ्रीजने जिथे फाशी सुनावली तो किल्लाही गावातच आहे. त्याची वर्णने पुष्कळ झाली. माहितीपुस्तिकांत इथल्या सॉमरसेट काउंटीचे बोथम, रिचर्ड्स भेटतात. पूर यांना शोधावे लागते.

१८९९ च्या जून ते ऑगस्टमध्ये त्यांनी हॅम्पशायरसाठी ११६.५८ च्या सरासरीने १,३९९ धावा केल्या आणि मग ते बोअर युद्धावर गेले. हा चमत्कार मानण्याची रीत आहे. मला तो मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचा हिशेब वाटतो. १८९० च्या दशकात पूर गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचे एडीसी होते, आणि हॅरिस यांच्या दरबारी क्रिकेटला कामकाजाइतकाच मान होता. कोरडी, टणक खेळपट्टी आणि हाताशी भरपूर वेळ! कोणी म्हणेल, मग १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून तीन कसोटींत तेरासुद्धा सरासरी का नाही? तिथे चटईची खेळपट्टी होती आणि समोर इंग्लंडचा गोलंदाज लोहमन. उलट १८९९ चा इंग्लिश उन्हाळा कोरडा गेला, म्हणजे पूर यांना ओळखीचीच जमीन मिळाली. आक्षेपाने माझे म्हणणे मोडत नाही, त्याची हद्द तेवढी ठरते.

दुसरा साक्षीदार जे. जी. ग्रेग. जन्म महूचा, नोकरी फौजेत, आणि १९०१ मध्ये हॅम्पशायरसाठी लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९. पुण्याच्या युरोपियन क्लबात त्यांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा तरुण म्हणजे बाळू पालवणकर. जातीने चांभार, कामाला मैदानावरचा नोकर. इतिहासकार रामचंद्र गुहा या सरावाकडे बाळूच्या घडणीच्या आणि जातिभेदाच्या अंगाने पाहतात, ते योग्यच आहे. पण घडण एकतर्फी नव्हती. तासन्‌तास असा डावखुरा फिरकीपटू खेळून ग्रेगही घडले, आणि काउंटीच्या खात्यात हे श्रेय कुठेच जमा नाही. अधिकाऱ्यांची काउंटी कारकीर्द तुटक राहिली ती रजेच्या हिशेबामुळे. खेळ पक्का होत होता छावणीत. पुढे १९११ मध्ये हिंदी संघ याच टाँटनला आला आणि त्याने सॉमरसेटला एका विकेटने हरवले. संघात बाळू होते, आणि शतक त्यांच्या धाकट्या भावाचे, शिवरामचे होते.