पेन्सिल हातात घेऊन

जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. शिकले बेळगावात, शिकवलं धारवाडात. महादेव मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवता चालवता लिहीत राहिले. लंपनच्या गोष्टी लिहिणारे प्रकाश नारायण संत म्हणजे बेळगावच्या इंदिरा संतांचे चिरंजीव. कथा कशी लिहायची हे शिकायला आमच्याकडची पोरं पुण्याला कार्यशाळांना जातात. खुशाल जावं. पण जाण्याआधी या तिघांचं एकेक पुस्तक पेन्सिल हातात घेऊन वाचावं, असं मला वाटतं.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशा आमच्या गावोगावच्या साहित्यसंमेलनांत कथाकथनाला मांडव भरतो. मलाही ते आवडतं. पण तिथं गोष्ट ऐकून हसायचं आणि घरी जायचं. शिकायचं असेल तर एकटं बसून, तीच गोष्ट पुन्हा वाचावी लागते. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे गोष्टीत काय घडलं, उजवीकडे ते नेमकं तिथंच का सांगितलं. उजवी बाजू बरेच दिवस कोरीच राहते.

जी.एं.ची ‘कैरी’ आणि संतांची ‘वनवास’ शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा ती बाजू जरा भरली. दोन्हीकडे सांगणारा लहान मुलगा, आईवडिलांच्या घरापासून तुटलेला. ‘कैरी’त तानीमावशीच्या संसारात काय बिनसलंय ते त्या पोराला पुरतं उमगत नाही, आपल्याला मात्र उमगतं. कारण तो दिसेल तेवढं सांगतो, अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही. तो बघत राहतो. लंपन उलट अखंड बडबडतो. आजी, सुमी, शाळा, गाणं, काय वाटेल ते. त्या बडबडीत आईची आठवण अशी अवचित येते की आपण सावध नसतो. पोराला कळतं त्याहून वाचणाऱ्याला जास्त कळावं, ही युक्ती दोघांची एकच. एकानं ती गप्प राहून साधली, दुसऱ्यानं बोलून.

जी.एं.च्या प्रतिमांपासून मात्र नवशिक्यानं चार हात लांब राहावं. ‘काजळमाया’ वाचून उठलेला माणूस महिनाभर जी.एं.सारखंच लिहितो, आणि ते वाचवत नाही.

मोऱ्यांकडून घ्यायची ती कामाची माहिती. ड्रायव्हर, हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बाया. या माणसांचे हात दिवसभर काय करतात हे मोऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या माणसांना दुःखी आहोत असं सांगत फिरावं लागत नाही.

सध्या मी वखारीतल्या एका बाईची गोष्ट लिहितोय. सांगते तिची आठ वर्षांची मुलगी. आईच्या कष्टांबद्दलचा आख्खा परिच्छेद काढून टाकला आणि एवढंच ठेवलं, की आई हात कितीही धुवो, भाकरी कडवटच लागते, आणि सगळ्यांच्याच घरची भाकरी अशी असते असं मुलीला वाटतं. पुढं शेजारणीकडं जेवायला बसल्यावर तिला गोड भाकरी लागते; गोष्ट तिथं वळते.

निपाणीतल्या एका मावशींना हे वाचून दाखवलं. उभं आयुष्य वखारीत गेलेलं. तंबाखूची खाट नाकात बसून बसून आवाज घोगरा झालेला. ऐकून म्हणाल्या, ‘‘भाकरी कडू लागत्या, ते खरं हाय. पर आमी पैल्यांदा चुलीतली राख चोळायचो की हातास्नी. ते का लिवलं न्हाईस?’’

आता राख घालावी तर कडवटपणा कमी होतो आणि शेजारणीची गोड भाकरी वाया जाते. न घालावी तर निपाणीतली कुठलीही बाई दुसऱ्या पानावर मला पकडणार. तूर्त राख घातली आहे, आणि शेजारीण काढून टाकली आहे. गोष्ट कुठं वळवायची ते अजून सापडलेलं नाही.