घर बंद करताना परतीची रात्र आठवा

मार्च महिना लागला की माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट विनंतीचे रुग्ण वाढतात. ‘डॉक्टर, ६ महिन्यांची औषधे लिहून द्या, मुलाकडे निघालो आहोत.’ पुण्याच्या ज्या भागात मी तीस-एक वर्षे व्यवसाय करतो आहे, तेथे क्वचितच एखादी सोसायटी अशी असेल की जिच्यातील दोन-चार सदनिका एप्रिल ते सप्टेंबर कुलूपबंद नसतात. मी औषधे लिहून देतो, रक्तदाब पाहतो, आणि अलीकडे एक प्रश्न आवर्जून विचारतो : घर बंद कसे करणार आहात?

हा प्रश्न डॉक्टरांनी का विचारावा, असे आपल्याला वाटेल. त्यामागे एक घटना आहे. माझ्या एका रुग्ण बाई, वय ७४, पती निधन पावलेले, लेकीकडून ६ महिन्यांनी रात्री दीड वाजता घरी परतल्या. जाताना त्यांनी घर अगदी शिस्तीत बंद केले होते. गॅसचा कॉक बंद, विजेचे मुख्य बटण खाली, न्हाणीघराच्या माळ्यावरचा पाण्याचा कॉकही बंद. यादीत काहीही राहिले नव्हते. रात्री पाणी हवे म्हणून त्या अंधुक प्रकाशात प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पुढचे ३ महिने वॉकरवर गेले. घर सुरक्षित राहिले, घरधनीण मात्र राहिली नाही.

आपल्या याद्या घराचा विचार करतात, परतणाऱ्या माणसाचा करीत नाहीत. तो माणूस वीस-बावीस तासांच्या प्रवासाने थकलेला असतो. त्याच्या झोपेचे घड्याळ उलटे झालेले असते, पाय सुजलेले असतात, औषधाची एखादी वेळ चुकलेली असते. घर बंद करायचे ते या माणसासाठी.

म्हणून पहिली गोष्ट : जे बंद करायला स्टूल लागते, ते उघडायलाही स्टूल लागणार. निघण्यापूर्वी प्लंबरला बोलावून पाण्याचा एक कॉक कमरेच्या उंचीवर बसवून घ्या. खर्च फारसा नसतो. तोपर्यंत वरचा कॉक उघडण्याचे काम आपण परतण्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कोणा तरुणाने करावे.

दुसरी गोष्ट पाण्याचीच. आपली अनुपस्थिती नेमकी पावसाळ्यावरून जाते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सुमारे ८ ते १० दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्या पृष्ठभागावरही काही महिने तग धरतात. माळ्यावरची टाकी रिकामी करून, घासून, झाकून ठेवा. बाल्कनीतील कुंड्यांखालच्या ताटल्या काढा. फ्रीजच्या मागे पाणी साठणारा एक तबकासारखा भाग असतो, तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. तोही कोरडा करा. कमोडवर झाकण पाडून ठेवा. न्हाणीतल्या जाळीखाली जे पाणी साचून असते, ते मात्र हवेच. ते आटले की गटाराची दुर्गंधी आणि झुरळे घरात येतात. तेथे चमचाभर खाद्यतेल ओतले तर पाणी सावकाश आटते.

फ्रीज रिकामा करून, पुसून, बंद करून दार फडक्याच्या बोळ्याने किंचित उघडे ठेवावे. त्यात राहिलेले इन्सुलिन मात्र घरात ठेवू नका. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे. सोबत नेणार असाल तर ते हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण विमानाच्या पोटातील सामानात ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजावे. उन्हाळ्यात बंद सदनिकेत भट्टीसारखी उष्णता होते. तेथे ६ महिने राहिलेल्या गोळ्या आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या परतल्यावर वापरू नयेत. पट्ट्या उष्णतेने व दमटपणाने बिघडतात आणि आकडा चुकीचा दाखवतात. परतीनंतरच्या पहिल्या आठवड्याची औषधे तिकडूनच हातातल्या पिशवीत घेऊन यावे, हे उत्तम.

देवघराचा प्रश्न माझ्याकडे येतो तेव्हा मला बरे वाटते, कारण तो विचारणारे आजोबा त्या चिंतेने रात्र-रात्र जागत असतात. काही घरांत देव तांदळात ठेवण्याची रीत आहे. तशी ठेवायची असेल तर घट्ट झाकणाचा डबा घ्या, नाहीतर पावसाळ्यात सोंडकिडे होतात. तुळस शेजारी द्या. बाटली उलटी लावून ती ६ महिने जगेल, ही आशा व्यर्थ आहे.

आता सर्वांत अवघड भाग. वरची निम्मी कामे एका किल्लीने सुटतात. आठ दिवसांतून एकदा कोणीतरी येऊन तासभर खिडक्या उघडल्या, नळ वाहू दिले, न्हाणीत तांब्याभर पाणी ओतले, तर डास, दुर्गंधी आणि बुरशी तिन्ही आटोक्यात राहतात. पण किल्ली द्यायची म्हणजे कोणाला तरी मागायचे, आणि ज्यांनी आयुष्यभर इतरांना दिले त्यांना मागणे जड जाते. मी स्पष्ट सांगतो, संकोच करू नका. एक किल्ली शेजारी, एक शहरातल्याच नातेवाइकाकडे असू द्या. सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवा. कामवाल्या मावशींना या काळात अर्धा पगार द्यावा, असे माझे मत आहे. पुष्कळांना ते पटत नाही. परंतु परतल्यावर त्याच बाई आपल्या घरी येणार असतील तर त्या अर्ध्या पगारात आपली निगाही येते.

किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना परतीची तारीख नीट कळवा, आणि आदल्या दिवसासाठी एक छोटी चिठ्ठी देऊन ठेवा. वीज सुरू, पाणी सुरू, खिडक्या उघड्या, दूध, पाण्याची बंद बाटली, पलंगाजवळ दिवा. पिशवीत बांधून ठेवलेली धुतलेली चादर पलंगावर. मूगडाळ आणि तांदूळ डब्यात असले की खिचडी होते. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवल्या असतील तर त्या काढून कपाट उघडे टाकावे. दम्याच्या रुग्णांना तो वास बाधतो.

पहिल्या सकाळी शॉवरखाली उभे राहू नका. कित्येक महिने नळीत साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्याचे बारीक तुषार श्वासातून गेले तर वृद्धांना आणि फुप्फुसे दुबळी असणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. खिडकी उघडून, आपण बाहेर थांबून, नळ आणि शॉवर पाच-दहा मिनिटे वाहू द्यावेत. हे काम किल्लीवाल्यांनीच आदल्या दिवशी केले तर आणखी चांगले. भिंतीवर बुरशी दिसली तर ती स्वतः खरवडू नका.

एका पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, अथवा धाप लागली, तर प्रवासाचा शीण समजून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. लांबच्या बैठ्या प्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ताप आला तर कोठून आणि केव्हा आलात ते डॉक्टरांना सांगा. बॅगा दारातच पडू द्या. त्या माळ्यावर टाकायला आठवडाभराने का होईना, भाचा नाहीतर वॉचमनचा मुलगा येईल.