नटांवर लटकलेलं चाक

आमचं कुलदैवत सोनारीचा काळभैरवनाथ. परंडा तालुक्यातलं हे गाव. देवळाभोवती माकडांचं राज्य, प्रसादाची पिशवी हातात दिसली की संपलंच! चैत्रातल्या यात्रेला आम्ही पुण्याहून जातोच. मागच्या खेपेला निघायच्या आठवडाभर आधी मी आमच्या जुन्या स्विफ्टला अलॉय व्हील्स बसवली. १४ इंची लोखंडी चाकं काढून १५ इंची. दिसायला एकदम झकास. दुकानदार म्हणाला, "चार होल, शंभर पीसीडी, डोळे झाकून बसतं." मीही डोळे झाकले.

भिगवणच्या पुढे ८० ओलांडले की स्टिअरिंग थरथरायला लागलं. मी म्हटलं, रस्ता असेल. टेंभुर्णीला वळून कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागलो तर डावीकडून बारीक कटकट. इतका वेळ गप्प बसलेले अण्णा म्हणाले, "बाळा, गाडी बाजूला घे."

कुर्डुवाडीत एका पंक्चरवाल्या मामांनी जॅक लावला, पान्याला हात घातला, आणि दोन नट जवळजवळ बोटांनी फिरले. मामांनी चाक उतरवून आतून बघितलं. "साहेब, चाक बसलंच न्हाई. नटावर लटकलंय." मागच्या सीटवर आई आणि चार वर्षांची लेक झोपली होती. माझे हात गार पडले.

आता हे "लटकणं" म्हणजे काय? पीसीडी म्हणजे ज्या वर्तुळावर नटांची भोकं असतात त्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. स्विफ्टचा ४×१००. तो जुळला होता. पण चाकाच्या मधलं मोठं भोक, सेंटर बोअर, ते हबच्या उंचवट्यावर घट्ट बसायला हवं. स्विफ्टचा हब ५४.१. बाजारातली अलॉय चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ वगैरे बोअरची बनवतात. म्हणजे चारी बाजूंनी साडेनऊ मिलिमीटर फट! मग चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं. गाडी जमिनीवर टेकलेली असताना नट आवळले, की चाक किंचित एका बाजूला बसतं, आणि वेग वाढला की थरथरतं. बॅलन्सिंग कितीही करा, उपयोग शून्य. त्यात माझे नट जुनेच होते, लोखंडी चाकांचे. अलॉयच्या भोकाचा उतार वेगळा, म्हणून ते नीट टेकतच नव्हते.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कंपाइल झालं होतं, क्रॅश रनटाइमला होणार होता.

मामांनी चाक हवेत ठेवूनच समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले आणि बजावलं, "पन्नासच्या वर जाऊ नका." तसेच हळूहळू सोनारीला पोचलो. पुण्यात परतल्यावर दोन गोष्टी घेतल्या: ७३.१ चं ५४.१ करणाऱ्या हब रिंगा आणि अलॉयला जुळणारे नट. थरथर गायब.

तेव्हा चाकं घ्यायला जाल तर एवढं विचारा. पीसीडी तंतोतंत तोच आहे का? (फियाट पुंटोचा ४×९८. शंभरच्या गाडीवर ते चाक बसल्यासारखं वाटतं, पण नट तिरके जातात.) बोअर किती, रिंग मिळेल का? ऑफसेट मूळच्या जवळ आहे का? फार कमी असेल तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण येतो, टायर मडगार्डला घासतो. नटाचा आटा आणि उतार जुळतो का? आणि टायरचा एकूण व्यास. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिमी, १८५/६५ आर १५ चा ६२१.५, म्हणजे उत्तम. तेच १९५/६५ आर १५ घेतलं तर ६३४.५. मग स्पीडोमीटर दाखवतो त्यापेक्षा गाडी पूर्वीपेक्षा अडीच टक्के जास्त पळते. टायरचा लोड इंडेक्सही मूळपेक्षा कमी नको. आणि ८०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायचे, टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

सोनारीत त्या रात्री ओसरीवर अण्णा सांगत होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती मुद्दाम जराशी लहान घ्यायचा. जाळावर लाल करायचा, फुगली की चाकावर घालायचा आणि वरून पाणी. धाव आवळली की आरे, पुट्ठे, तुंबा सगळं एकजीव. "सैल धाव बघून कुणी पोरांना गाडीत बसवत नव्हतं," एवढंच म्हणाले. मला बोलले नाहीत, पण बोललेच की!

दुसऱ्या दिवशी परत निघताना पान्याने सगळे नट स्वतः तपासले. माकडं बॉनेटवर बसून बघत होती.