तरतमभाव

संस्कृत व्याकरणांत 'तरप्' व 'तमप्' असे दोन प्रत्यय आहेत: लघु, लघुतर, लघुतम. गुण असणें ही एक गोष्ट आणि तो कमीअधिक होणें ही निराळी, हा भेद आम्हीं शाळेंत तीस वर्षें शिकविला. तोच मेंदूच्या प्रतिमांच्या गणितांत भेटेल असें मात्र वाटलें नव्हतें.

आमची पुतणी बेंगळुरूस वेदनेचा अभ्यास करते. चुंबकीय यंत्रांत निजविलेल्या माणसाच्या हातास ४४, ४६ किंवा ४८ अंशांचा क्षणिक चटका द्यावयाचा आणि रक्तांतील प्राणवायूवरून मेंदूचा कोणता भाग जागा झाला तें पाहावयाचें. हा संकेत १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं दाखविला; तो पांचसहा सेकंदांनीं शिगेस पोंचतो.

गणितांत चटक्यांसाठीं दोन रकाने असतात. पहिल्यांत सर्वत्र १. दुसऱ्यांत उष्णतेचें मान, पण सरासरी वजा करून, म्हणजे उणे २, शून्य, अधिक २. ही वजाबाकी क्षुल्लक नव्हे. ती न केल्यास पहिल्या रकान्याचा गुणक शून्य अंशाच्या चटक्याविषयीं बोलूं लागतो, आणि तसा चटका तर कोणासच दिलेला नसतो!

प्रश्न विचारावयाचा तो रकान्यांना भार देऊन. (१, ०) म्हणजे सरासरी चटक्यास हा भाग जागा होतो काय. (०, १) म्हणजे उष्णतेबरोबर तो अधिकाधिक जागा होतो काय. दुसऱ्या प्रश्नास उत्तर मिळेना, म्हणून 'या भागाचा वेदनेशीं संबंध नाहीं' असें तिच्या एका सहकाऱ्यानें लिहिलें, तेव्हां पोरगी इरेस पडली. जो ४४ अंशांस ओरडतो आणि ४८ अंशांसही तितकाच ओरडतो, त्यास चटका लागतच नाहीं असें कसें म्हणावें? आम्हांस तिचेंच पटलें.

तिचा खरा प्रयोग पुढचा. चटका बसतांना घरच्या माणसानें हात धरला तर? एकटेपणाचे दोन रकाने, सोबतीचे दोन. (१, ०, उणे १, ०) या भारांनीं मेंदूचा एकंदर प्रतिसाद उतरला काय तें कळतें. (०, १, ०, उणे १) यांनीं त्याची चढण मंदावली काय तें. पहिल्या तुलनेंत मात्र दोन्ही वेळां सरासरी उष्णता एकच हवी. एरव्हीं सौम्य चटक्याचें श्रेय धरलेल्या हातास मिळेल.

संधिवातानें त्रासलेल्या आमच्या कुटुंबानें हें सारें ऐकून घेतलें व विचारलें, "माझं दुखणं रोजचंच, पण थंडीत वाढतं. मी तुझ्या कोणत्या रकान्यात गं?"

"दोन्हीत, काकू."