नर्सी आणि औंढा : स्नेहाची दोन गावे

आपल्यातील अनेक कुटुंबे शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास जातात आणि तेथूनच परततात. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा तालुक्यातच ते क्षेत्र आहे. पुढील खेपेस एक दिवस अधिक हाताशी ठेवून औंढा नागनाथ आणि नर्सी ही दोन गावेही पाहावीत, असे सुचवावेसे वाटते. संत नामदेवांमुळे ती सर्वांना ठाऊक आहेत. माझ्या मनात मात्र ती मैत्रीची गावे म्हणून राहिली आहेत.

नर्सी हे कयाधू नदीकाठचे साधे गाव. शिंपीकाम करणारे दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी १२७० मध्ये नामदेव येथे जन्मले, असे परंपरा मानते. पुढे त्यांचे आयुष्य पंढरपुरात गेले.

औंढ्याला नागनाथाचे प्राचीन, कोरीव दगडी मंदिर आहे. नंदी मंदिराच्या मागील बाजूस दिसतो, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची कथा तेथे हमखास ऐकावयास मिळते. मला अधिक मोलाची वाटते ती नामदेव औंढ्याला का आले याची कथा. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना 'मडकी' पारखण्यास सांगितले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटीत निघाले. सर्वांनी निमूट सोसले. नामदेव मात्र रागावले, आणि तेवढेच मडके कच्चे ठरले! दुखावलेले नामदेव पंढरीला जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे करू लागले, तेव्हा विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे औंढ्याला धाडले. हे विसोबाही पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांची हेटाळणी करीत, असे परंपरा सांगते.

चारचौघांत असे बोललेले किती जण पचवतील? याहून किरकोळ शब्दांवरून पिढ्यांच्या भागीदाऱ्या मोडलेल्या मी बँकेच्या नोकरीत पाहिल्या आहेत. एका भावाने दुसऱ्या भावाच्या कर्जाची हमी काढून घेतली, त्यामागे लग्नपंगतीतले एक वाक्य होते. नामदेवांनी मात्र ती माणसे सोडली नाहीत. ज्ञानदेवांसह ते तीर्थयात्रेला निघाले, तेव्हा विठ्ठलाच्या विरहाने कासावीस झाले. सोबत ज्ञानदेव होते म्हणून ती वाट सरली.

शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. वय अवघे २१. समाधीची जागा झाडून स्वच्छ करण्यास नामदेवांनी आपल्या मुलांना पाठविले, असे समाधीच्या अभंगांत येते. घरच्या माणसासाठी करावयाचे काम त्यांनी मित्रासाठी घरच्याच हातांनी केले. हे अभंग एकट्याने, सावकाश वाचावेत. घाईने वाचल्यास त्यांतील आकांत हाती लागत नाही.

हिशेबाची सवय सुटत नाही म्हणून आकडा मांडतो. सहवास मोजक्या वर्षांचा, आणि ज्ञानदेवांमागे नामदेव जगले ५४ वर्षे. आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून त्यांनी मित्राचे चरित्र शब्दांत ठेवले. ज्ञानदेवांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील पुष्कळसे या मित्रामुळे.

या प्रवासात माझ्यासोबत हिंगोलीचे एक स्नेही होते. हळदीची आडत हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे भागीदार सख्खे भाऊ नव्हते, नात्यातलेही नव्हते. काही वर्षांपूर्वी ते निवर्तले. दुकानाच्या पाटीवर अद्याप दोघांची नावे आहेत, आणि दिवाळीच्या वहीपूजनाला त्या घरचा मुलगा आल्याखेरीज पूजा सुरू होत नाही. मी याविषयी विचारले असता ते म्हणाले, "त्यांचा हिस्सा अजून चालू आहे हो." अधिक काही बोलले नाहीत.

नामदेव पुढे पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे. २०१५ मध्ये तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यामुळे पंजाबातील शीख भाविकही नर्सीला येतात. त्यांना मराठी येत नाही आणि गावकऱ्यांना पंजाबी. तरी 'बाबा नामदेव' एवढे उच्चारले की वाट दाखविण्यास कोणीतरी पुढे होतेच.